छाती उघडली, पोटाला हातही लावला नाही. मग आतडी का रुसतात आणि सीआरपी का चढतो?

प्रश्न: आयसीयू_नवखा

नमस्कार मंडळी. हृदय शस्त्रक्रियेनंतरच्या अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांना विचारतो आहे. शस्त्रक्रिया छातीत होते, तरी पुढचे काही दिवस पोट फुगणं, मळमळ, जेवणावर वासना नसणं, चार-चार दिवस शौचाला न होणं हे इतक्या पेशंटमध्ये का दिसतं? दुसरं, तिसऱ्या दिवशी सीआरपी (रक्तातला दाहाचा मार्कर) १८०-२०० येतो, पेशंट मात्र खुर्चीत बसून चहा पीत असतो. हा आकडा जंतुसंसर्गाचा धरायचा की शस्त्रक्रियेचा? दाह इतका असेल तर आधीच स्टिरॉइड का देत नाहीत? आणि सगळ्यात महत्त्वाचं: पोटाचं कोणतं लक्षण दिसलं की रात्री दोन वाजतासुद्धा वरिष्ठांना उठवायचं?

पुस्तकात वाचलं आहे, पण तिथे सगळं 'मल्टिफॅक्टोरियल' म्हणून संपतं. नेमकं काय घडतं ते हवं आहे.

---

पंपापाशी

पंपाच्या बाजूने सांगतो, कारण सुरुवात तिथून होते. आधी शब्दांचा घोळ काढू. लोक 'बायपास झाली' म्हणतात तेव्हा त्यांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांना जोडलेली नवी वाट म्हणायची असते. मी खाली 'पंप' म्हणेन ते हार्ट-लंग मशीन. झडपेच्या शस्त्रक्रियेतही तोच असतो.

पंपावर रक्त शिरेतून बाहेर येतं, नळ्यांतून, रिझर्व्हायरमधून आणि ऑक्सिजनेटरमधून फिरून महाधमनीत परत जातं. हे रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन किलोला ३०० ते ४०० युनिट देतो आणि एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) साधारण ४८० सेकंदांच्या वर ठेवतो. इथेच अनेकांचा गैरसमज होतो. हेपॅरिन गुठळी थांबवतं, पण रक्ताला प्लॅस्टिक 'परकं' वाटतं ते थांबवत नाही. पहिल्या काही मिनिटांतच नळीच्या आतल्या बाजूला प्रथिनांचा थर बसतो, फॅक्टर बारा जागा होतो, त्याच्यामागून कॅलिक्रीन आणि ब्रॅडिकायनिन. कॉम्प्लिमेंटची, म्हणजे रक्तातल्या संरक्षक प्रथिनांची, साखळी सुटते, सी३ए आणि सी५ए तयार होतात, आणि पांढऱ्या पेशी चिकट होऊन केशवाहिन्यांच्या भिंतींना लागतात. कर्कलिन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्येच दाखवलं होतं की सी३ए जितकं जास्त, तितका शस्त्रक्रियेनंतर अवयवांना त्रास जास्त.

याच्यावर आणखी तीन धक्के बसतात. पेरिकार्डियममध्ये, म्हणजे हृदयाभोवतीच्या पिशवीत, साचलेलं रक्त सक्शनने थेट रिझर्व्हायरमध्ये घेतलं तर त्यासोबत टिश्यू फॅक्टर, चरबीचे थेंब आणि फुटलेल्या लाल पेशी येतात, म्हणून ते सेल सेव्हरमधून धुऊन घेणं बरं. महाधमनीवरचा क्लॅम्प (चिमटा) काढल्यावर उपाशी राहिलेल्या हृदयात आणि फुप्फुसांत रक्त परत शिरतं तेव्हा दुसरी लाट उठते. शेवटी प्रोटामिन (हेपॅरिनचा उतारा) देतो तेव्हा हेपॅरिन-प्रोटामिनची जोडीच कॉम्प्लिमेंट पुन्हा एकदा पेटवते.

आता आतड्यांचा मुद्दा. पंपावर आपण प्रवाह ठेवतो चौरस मीटरला मिनिटाला २.२ ते २.४ लिटर. पण ऑक्सिजन पुरेसा पोचतो का, हे हिमोग्लोबिनवर ठरतं. प्राइमच्या, म्हणजे पंपाच्या नळ्यांत आधी भरलेल्या, सव्वा-दीड लिटर पाण्याने रक्त पातळ झालेलं असतं. हा हिशोब एकदा स्वतः करून बघा:

हिमोग्लोबिन १० असेल तर एक लिटर रक्तात सुमारे १४० मिली ऑक्सिजन.
८ असेल तर सुमारे ११३ मिली. २.४ लिटर प्रवाहाला २७१ मिली होतात.
७ असेल तर सुमारे १०० मिली. त्याच प्रवाहाला फक्त २४०.

सध्या आपण मिनिटाला चौरस मीटरमागे २८० मिलीच्या खाली जाऊ नये असं धरतो. हा आकडा मूत्रपिंडाच्या इजेच्या अभ्यासातून आला, तरी आतड्यांसाठीही मी तोच खालचा उंबरठा मानतो. म्हणजे हिमोग्लोबिन ७ असताना प्रवाह २.८ हवा. २.४ वर सगळं ठीक आहे असं मॉनिटरकडे बघून वाटतं, आणि ते खरं नसतं.

सगळ्यात फसवी जागा हीच. शिरेकडून रक्त कमी येतं, रिझर्व्हायरची पातळी उतरते, प्रवाह १.८ वर येतो आणि दाब ४५ दिसतो. कोणीतरी फेनिलेफ्रिन देतं. दाब ६५ होतो, सगळे निवांत. प्रत्यक्षात प्रवाह तेवढाच राहिला, फक्त नळ्या आवळल्या, आणि सगळ्यात आधी आवळल्या जातात त्या पोटातल्या. आधी कॅन्युला दुमडली आहे का, हृदय उचललेलं आहे का, व्हॉल्यूम कमी आहे का हे बघायचं. दाब वाढवायचं औषध त्यानंतर.

दुसरी जागा म्हणजे गरम करण्याची वेळ. शरीर तापायला लागलं की आतड्यांची ऑक्सिजनची मागणी प्रवाहापेक्षा लवकर वाढते. ३० अंशांच्या पुढे मिनिटाला अर्धा अंश, याहून घाई नको, आणि धमनीच्या बाजूचं रक्त ३७ च्या वर नको.

प्राइम कमी ठेवणं, नळ्या आखूड ठेवणं, पेशंटच्याच रक्ताने प्राइमचं पाणी मागे ढकलून काढून टाकणं, या साध्या गोष्टींनी हिमोग्लोबिन एक-दीड ग्रॅमने वाचलं तरी वरचा हिशोब बदलतो.

---

रात्रपाळी_अतिदक्षता

वरच्या उत्तराला जोडून आतड्याच्या आत काय होतं ते सांगते.

विश्रांतीत हृदयाच्या एकूण रक्तापैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पोटातल्या अवयवांना जातो. शरीरावर ताण आला की इथूनच आधी रक्त काढून घेतलं जातं. मेंदू आणि हृदय सांभाळायची ती जुनीच सोय आहे.

आता आतड्याच्या अस्तरावरचा एक रसांकुर डोळ्यांसमोर आणा. मिलिमीटरभर उंचीचं बोट. मधोमध एक बारीक धमनी वर चढते, टोकाला फांद्या फुटतात आणि शिरा बाजूने खाली येतात. चढणारं आणि उतरणारं रक्त इतकं जवळजवळ असतं की ऑक्सिजन टोकापर्यंत न जाता वाटेतच धमनीतून शिरेत उडी मारतो. त्यामुळे धडधाकट माणसातही टोकाला ऑक्सिजन सगळ्यात कमी. प्रवाह मंदावला की ही उडी मारायला आणखी वेळ मिळतो, आणि टोकाच्या पेशी पहिल्यांदा गळतात. त्या पेशींमध्ये आय-एफएबीपी नावाचं छोटं प्रथिन असतं. पंप सुरू झाल्यावर ते रक्तात वाढलेलं सापडतं, पोटाला कुणी हात लावलेला नसला तरी.

टोकं गळली, पेशींमधले सांधे सैलावले, की आतड्यातल्या जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत उतरतात. यकृतातल्या कुप्फर पेशी बरंचसं टिपतात. पण त्या वेळी यकृतही कमी रक्तावर चाललेलं असतं. जे निसटतं ते पंपाने आधीच चेतवलेल्या पांढऱ्या पेशींवर पडतं. म्हणजे आतडं या दाहाने होरपळतं आणि त्यात स्वतः सरपणही टाकतं. ज्यांच्या रक्तात शस्त्रक्रियेआधीच एंडोटॉक्सिनविरोधी प्रतिपिंडं कमी असतात त्यांचे परिणाम वाईट येतात, हे १९९७ मध्ये नोंदवलं गेलं आहे.

चांगली बाजू अशी की आतड्याचं अस्तर फार लवकर भरतं. उरलेल्या पेशी काही तासांत सरकून उघडी जागा झाकतात आणि तीन ते पाच दिवसांत नवं अस्तर येतं. म्हणून बहुतेकांना फक्त दोन-चार दिवस भूक नसणं आणि पोट फुगणं एवढंच जाणवतं.

सीआरपीचं वेळापत्रक पाठ असू द्या. आयएल-६ हे दाहाचा निरोप नेणारं प्रथिन पहिल्या काही तासांतच शिखर गाठतं. प्रोकॅल्सिटोनिन (जंतुसंसर्गासाठी बघतात तो मार्कर) साधारण पहिल्या दिवशी वर जातं आणि उतरू लागतं. सीआरपी त्याच्यामागून चालतो: दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर, तेव्हा १५० ते २५० मिलिग्रॅम प्रति लिटर हे गुंतागुंत नसलेल्या पेशंटमध्येही दिसतं, मग हळूहळू उतार. पूर्ण खाली यायला काही आठवडे लागतात. तेव्हा तिसऱ्या दिवसाच्या २०० ला अँटिबायोटिक बदलू नका. पण पाचव्या दिवशी १२० झालेला आकडा सातव्या दिवशी पुन्हा १९० झाला, तर छातीच्या हाडाची जखम दाबून बघा, खटखट हलते का पाहा, फुप्फुस बघा आणि पोट बघा. एकटा आकडा काही सांगत नाही, उताराची रेषा सांगते.

आता रात्री दोनचा प्रश्न. ज्याची भीती बाळगायची ती आतड्यांची इस्केमिया, म्हणजे रक्तपुरवठा तुटणं, आणि इथे बहुतेक वेळा गुठळी नसतेच. वाहिन्या उघड्या असतात, पण आवळलेल्या, आणि पुढे प्रवाह नाही. शंभरात एकापेक्षा कमी पेशंटना होते, पण झाली तर निम्म्याहून जास्त दगावतात. व्हेंटिलेटरवर झोपवलेला पेशंट 'पोटात दुखतंय' म्हणणार नाही, म्हणून शोधायला आपणच जायचं:

- नॉरअ‍ॅड्रेनालिन चढवावं लागतं आहे, पण रक्तस्राव नाही, टॅम्पोनाड (हृदयाभोवती रक्त साचून ते दाबलं जाणं) नाही, इकोवर हृदय तेवढंच चाललं आहे.
- उतरायला लागलेलं लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडल्याची रक्तातली खूण) परत चढतं आहे.
- पोट ताठ होत चाललं आहे, नाकातल्या नळीतून हिरवं पाणी वाढतं आहे, फीड राहत नाही.
- जागा पेशंट असेल तर दुखणं फार आणि हाताला पोट मऊ. हा विसंवाद ऐकला की उठायचंच.

शौचातून रक्त उशिरा येतं, त्याची वाट पाहू नका. लॅक्टेटबद्दल दोन सूचना. अ‍ॅड्रेनालिन चालू असेल तर रक्तपुरवठा उत्तम असतानाही ते वाढतं. डोस कमी केल्यावर उतरतं का बघा. आणि उलट, लॅक्टेट साधारण आहे म्हणून आतडं ठीक आहे असंही धरू नका, सुरुवातीला ते पोर्टल शिरेतून जाताना यकृतच वापरून टाकतं.

संशय असेल तर सीटी अँजिओ, आणि क्रिएटिनिन वाढलंय म्हणून अडून बसू नका. मूत्रपिंडाला डायलिसिस आहे, मेलेल्या आतड्याला काही नाही. दरम्यान आतड्याच्या वाहिन्या आवळणारं व्हासोप्रेसिन कमी करता येतं का बघा, हृदयाचा आउटपुट वाढवा, सर्जनना बोलवा. पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या पडद्याचा दाह) नसेल आणि सोय असेल तर आतड्याच्या मुख्य, सुपीरियर मेसेंटेरिक धमनीत कॅथेटरने वाहिन्या सैल करणारं पापाव्हरिन तासाला ३० ते ६० मिलिग्रॅम देतात. पोट उघडलंच तर २४ ते ४८ तासांत पुन्हा आत बघायचं आधीच ठरवून ठेवतात, कारण पहिल्या दिवशी शंकास्पद दिसणारा भाग दुसऱ्या दिवशी कुठल्याही बाजूला झुकू शकतो.

---

आयसीयू_नवखा

फार उपयोगी. दोन शंका. एका पेशंटचा अमायलेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) तिप्पट आला की लगेच पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाचा दाह) म्हणायचं का? आणि स्टिरॉइडचं राहिलं.

---

रात्रपाळी_अतिदक्षता

अमायलेजचं थोडक्यात: पंपानंतर तिघांतल्या एकाला तरी तो वाढलेला सापडतो. बराचसा लाळग्रंथींचा असतो, आणि मूत्रपिंड मंदावलं की बाहेर पडत नाही. दुखणं नाही, लायपेज (स्वादुपिंडाचं दुसरं एन्झाइम) नॉर्मल, तर सोडून द्या. दुखणं आणि लायपेज दोन्ही असेल तर मात्र गंभीरपणे घ्या.

एक वेगळी गोष्ट जोडते. पोट ढोलासारखं, एक्स-रेत मोठं आतडं फुगलेलं आणि कुठे अडथळा नाही, असं दिसलं तर सीकमचा (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीचा) व्यास मोजा. १२ सेंटिमीटरच्या पुढे फुटण्याचा धोका. आधी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम भरा, ओपिऑइड (मॉर्फिनसारखी वेदनाशामकं) कमी करा. आतडं हलवणारं पण हृदयाची गती उतरवणारं निओस्टिग्मिन २ मिलिग्रॅम देण्याची वेळ आली तर मॉनिटरवर आणि सावकाश द्या, अ‍ॅट्रोपिन सिरिंजमध्ये भरून ठेवा आणि पेसिंग वायर जोडलेल्या आहेत ना ते स्वतः बघा. ताज्या शस्त्रक्रियेच्या हृदयाची गती ३० वर आली तर ऐन वेळी शोधाशोध व्हायला नको.

---

भूल_विभाग

स्टिरॉइडचं उत्तर मोठ्या चाचण्यांनी दिलं आहे. डीईसीएस चाचणी, २०१२ मध्ये प्रसिद्ध, ४४९४ पेशंट, डेक्सामेथासोन किलोला १ मिलिग्रॅम. एसआयआरएस चाचणी, २०१५, ७५०७ पेशंट, मिथाइलप्रेडनिसोलोन २५० मिलिग्रॅमचे दोन डोस. दोन्हींत मृत्यू आणि मोठी गुंतागुंत यांचा मुख्य निकाल बदलला नाही. एसआयआरएसमध्ये तर हृदयस्नायूच्या इजेची नोंद स्टिरॉइडच्या गटात जास्त झाली. साखर चढते ते वेगळंच. म्हणून प्रौढांत सरसकट देत नाहीत. आधीपासून स्टिरॉइडवर असलेल्यांना मात्र ताणाचा डोस चुकवायचा नाही.

सायटोकाइन (दाहाचे निरोप नेणारी प्रथिनं) शोषणाऱ्या फिल्टरचंही तसंच. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झालेल्या २८८ पेशंटवर झालेल्या रिमूव्ह चाचणीत, २०२२ मध्ये, रक्तातले सायटोकाइन कमी झाले, अवयवांची कामगिरी सुधारली नाही. पंप न वापरता केलेल्या बायपासमध्ये दाहाचे मार्कर कमी असतात, पण ४७५२ पेशंटच्या 'कोरोनरी' नावाच्या चाचणीत ३० दिवसांच्या मुख्य निकालात फरक पडला नाही.

माझं यावरचं मत ठाम आहे. हा दाह एका नळाने वाहत नाही. एक नळ बंद केला तर चार उघडे राहतात, आणि जखम भरायलाही त्यातलंच काही लागतं. मार्कर खाली आणण्यात वेळ घालवण्यापेक्षा पंपावरचा ऑक्सिजनपुरवठा, पंपाचा एकूण वेळ आणि पहिल्या रात्रीचा कार्डियाक आउटपुट सांभाळला तर आतड्याला त्याचा थेट फायदा होतो.

भूलतज्ज्ञाच्या हातात आणखी एक गोष्ट आहे: ओपिऑइड. आतड्याच्या भिंतीतल्या म्यू रिसेप्टरवर बसून ते पुढे ढकलण्याची लय मोडतं आणि पाणी शोषून घेतं. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, छातीच्या भिंतीचे नर्व्ह ब्लॉक, आणि सहा तासांच्या आत ट्यूब काढणं, एवढ्याने मॉर्फिनची गरज बरीच उतरते. आयबुप्रोफेनच्या जातीची औषधं मात्र या शस्त्रक्रियेनंतर नकोत, मूत्रपिंड, जठर आणि ग्राफ्ट (जोडलेली नवी वाहिनी) तिघांनाही.

---

वॉर्डबाजू_आहार

मी वॉर्डातलं सांगते, कारण पेशंटला छातीच्या टाक्यांपेक्षा पोट साफ न होण्याचा त्रास जास्त आठवतो.

ओपिऑइड ज्या दिवशी सुरू, त्याच दिवशी रेचक सुरू. चौथ्या दिवशी आठवण येऊन उपयोग नाही. आतड्याला हलवणारं एक (रात्री सेना किंवा बिसाकोडिल ५ ते १० मिलिग्रॅम) आणि पाणी धरून ठेवणारं एक (पॉलिइथिलीन ग्लायकॉल १७ ग्रॅम पाण्यात). इसबगोलासारखा चोथा देऊ नका. पेशंटचं पाणी मोजून दिलेलं असतं, आतडी मंद असतात, तो चोथा आत घट्ट गोळा होऊन बसतो. लॅक्ट्युलोजने गॅस होऊन फुगलेलं पोट आणखी फुगतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर फॉस्फेटचा एनिमा नको. लोहाच्या गोळ्या आणि ओंडान्सेट्रॉन हे दोघेही बद्धकोष्ठता करतात, चार्ट बघून त्यांचा हिशोब ठेवा.

तीन दिवस शौच नाही आणि गॅसही सरत नाही, तर रेचक वाढवण्याआधी डॉक्टरांना पोट दाखवा. गॅस सरत असेल तर बोटाने तपासून कडक खडा आहे का पाहायचं. खड्याच्या कडेने पातळ पाणी झिरपतं आणि कागदावर 'जुलाब' अशी नोंद होते, मग कोणीतरी रेचक बंद करतं. ही चूक फार सहज होते. शौचाला बसताना पायाखाली लहान स्टूल द्या, हाताने कठडा ओढून उठू देऊ नका, श्वास रोखून जोर लावू देऊ नका. छातीच्या हाडाला आणि रक्तदाबाला दोन्हीला ते महाग पडतं.

खरे जुलाब म्हणजे २४ तासांत तीन किंवा जास्त पातळ शौच. रेचक चालू नाही आणि अँटिबायोटिक झालं आहे, तर सी डिफिसिल या जिवाणूची तपासणी आधी, लोपेरामाइड (जुलाब थांबवणारी गोळी) नंतर. पेरिकार्डियमच्या दाहासाठी कोल्चिसिन चालू असेल तर जुलाबाचं कारण बहुधा तेच.

ट्यूबवर असलेल्यांना फीड: दाबाची औषधं स्थिर किंवा उतरती असतील तर पहिल्या २४ ते ४८ तासांत तासाला १० ते २० मिलीने सुरू करता येतं. डोस चढते असतील तर थांबायचं. उपाशी आतड्यात अन्न ओतलं की त्याची ऑक्सिजनची मागणी वाढते, आणि पुरवठा तर नाही. जेवू लागलेल्यांना दिवसाला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. तोंडाची चव दोन-तीन आठवडे गेलेली असते, तेव्हा थोडं थोडं, सहा वेळा.

आणि वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असलेल्यांना विसरू नका. पेशंट जेवत नाही म्हणजे व्हिटॅमिन के आत जात नाही, अँटिबायोटिकने ते बनवणारे आतड्यातले जिवाणू कमी झालेले, त्यात अमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांचं औषध, वॉरफरिनचा परिणाम वाढवणारं) चालू झालं. तोच डोस असताना आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) दोन-तीन दिवसांत २ वरून ५ वर जाऊ शकतो. जेवण निम्म्यावर आलं किंवा जुलाब लागले की ठरलेल्या तारखेची वाट न पाहता आयएनआर करा. भूक परत आली की तो उलट्या बाजूला घसरतो, तेव्हाही.

---

आयसीयू_नवखा

मनापासून आभार. शेवटचं एक: नातेवाईक प्रोबायोटिकची पाकिटं आणून देतात. देऊ का?

---

वॉर्डबाजू_आहार

अतिदक्षता विभागात नको. त्यात जिवंत जिवाणू किंवा यीस्ट असतात. नवी कृत्रिम झडप, गळ्यात सेंट्रल लाइन आणि सैलावलेलं आतड्याचं अस्तर असताना त्यांनी रक्तात जायला नको, आणि असे संसर्ग, झडपेवरचेसुद्धा, नोंदलेले आहेत. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटवर झालेल्या मोठ्या चाचणीतही, २०२१ मध्ये, लॅक्टोबॅसिलसने न्यूमोनिया कमी झाला नाही. यीस्टची पावडर तर पाकीट फाडताना उडते आणि हातमोज्यांवर बसते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दिली तरी तुमच्या पेशंटच्या लाइनपर्यंत ती हातावरून पोचू शकते. तेव्हा पाकिटं घरी पाठवा, आणि कोणी आधीच उघडलं असेल तर हातमोजे बदलून, हात धुऊनच लाइनला हात लावा.